कोणतं हव?

"मले डाऊट येऊन राह्यला."

आमच्या मॅडमचा दिवस या वाक्यानं सुरू व्हायचा. ओपीडीला लागून जी बारकी खोली आहे तिथं सकाळी आल्या, की आधी ट्रेमधला एक चिमटा उचलायच्या, खिडकीपाशी न्यायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि उजेडात तो उलटापालटा करून बघायच्या. मग माझ्याकडे न बघताच विचारायच्या, "सिस्टर, हा ऑटोक्लेव्हमधून निघाला का नुसता धुतला?"

"निघाला ना मॅडम."

"तुमी सोता काढला का कोनं तुमाले सांगितलं?"

आता काय बोलावं माणसानं! माझी बावीस वर्षं नोकरी झालेली, अर्धी हयात लेबर रूममध्ये गेलेली. पण मॅडमपुढे उभी राहिले की चोरी न करताही चोरासारखं वाटायचं. चिमटा परत ऑटोक्लेव्हच्या वाफेत जायचा, मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करायचे, आणि तासाभरानं तोच चिमटा होता तसाच स्वच्छ बाहेर यायचा.

मॅडम चंद्रपूरकडच्या मूल गावच्या. वडील राईस मिलमध्ये माल तपासायला होते. पोत्यात हात घालायचा, मूठभर तांदूळ काढायचे, दारात उजेडाला जाऊन तळहातावर पसरायचे आणि खडा किती, तुकडा किती ते बघायचं. मॅडम लहानपणी बापाशेजारी उभं राहून हेच बघत मोठ्या झाल्या. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं आणि लगेच वर म्हणाल्या, "हे कोनाले सांगू नका." यात लपवण्यासारखं काय होतं, देव जाणे. आज तुम्हाला सांगतेय तर अजूनही मागे वळून बघावंसं वाटतं.

आमच्या खोलीत म्हणाल तर फार काही नव्हतं. एक टेबल, एक दिवा, एक पडदा, एक कपाट. पण कामं पुष्कळ व्हायची. तांबी म्हणजे कॉपर-टी बसवणं, ती काढणं, गर्भपिशवीच्या तोंडावर वाढलेला मस काढणं, आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला घेणं, अर्धवट पडलेलं पोट हातातल्या सिरिंजनं साफ करणं. पूर्ण भूल नाही, भरती नाही. बाई आली तशी दुपारच्या बसनं घरी. मेडिकल कॉलेजातून शिकाऊ डॉक्टर तीन-तीन महिन्यांसाठी आमच्याकडे यायचे, त्यांना मॅडम ही कामं शिकवायच्या. येताना त्या पोरापोरींच्या डोळ्यांत ऑपरेशन थिएटर असायचं. ही खोली दाखवली की तोंडं पडायची.

"थिएटर पळून नाई जात," मॅडम म्हणायच्या. "पोट उघडायले तुमाले सारेच शिकवतीन. पन कुरखेड्याकडची बाई इथी एकदा येते. तिले म्हटलं का चंद्रपूरले जा, का ती घरी जाते. मंग ते दुखनं घरीच राह्यते. म्हनून एका फेरीत काम झालं पाह्यजे."

पहिला धडा टेबलावरचा.

"चढा."

"कोण, मी?"

"मंग काय सिस्टर चढते?"

डॉक्टर मुलगी असो की मुलगा, कपड्यांसकट टेबलावर आडवं व्हायचं, दोन्ही पाय त्या लोखंडी आधारांवर टाकायचे आणि पाच मिनिटं पडून राहायचं. तेवढ्यात मॅडम मला डोळ्यानं खुणवायच्या. मी दार ढकलून आत यायचे, कपाटातून कापूस काढायचे, सावकाश जायचे. मग शिपाई दारातून डोकं घालून विचारायचा, "चहा आनू का जी?" साताऱ्याकडचे एक डॉक्टर आले होते, चांगले उंचेपुरे, रुबाबदार. तिसऱ्या मिनिटाला ते उठूनच बसले. "अहो, दार तरी लावा की!"

"काऊन? कपडे तर आहेत अंगावर," मॅडम म्हणाल्या.

साताऱ्याचे डॉक्टर लाल झाले. पण त्या दिवसापासून पडद्याच्या फटीला चिमटे लावायचं काम त्यांनी कुणी न सांगता स्वतःकडे घेतलं. हे साताऱ्याचे डॉक्टर लक्षात ठेवा, पुढे लागतील.

दुसरा धडा पपईचा. तुम्हाला हसू येईल, मलाही आलं होतं. अर्धवट पिकलेली पपई आडवी धरली तर आकार पिशवीसारखाच, आणि आत बिया. देठाकडून बारीक छिद्र पाडायचं, चिमट्यानं धरून ठेवायचं, नळी आत सारायची आणि सिरिंजनं बिया ओढून घ्यायच्या. नळी पलीकडून बाहेर आली तर नापास. "ही पपई होती म्हनून वाचली," मॅडम तेवढंच म्हणायच्या, पण ज्याची नळी बाहेर आली त्याला त्या दिवशी जेवण जायचं नाही. उरलेल्या पपया शिपायाची बकरी खायची. ती बकरीही पुढे पुढे आमच्याकडे संशयानं बघायला लागली होती.

मॅडम या पपया स्वतः आठवडी बाजारातून आणायच्या. दुसऱ्यावर सोपवलं तर तो कच्च्या तरी आणील नाहीतर पिकलेल्या, अशी त्यांची खात्री. दर बाजारी डॉक्टरीणबाई येते, दहा पपया दाबून दाबून बघते आणि पिशवी भरून नेते, हे लोकांच्या डोळ्यांवर आल्याशिवाय कसं राहील? आमच्याकडे पोटुशी बाई पपईकडे बघतही नाही. एकदा मी सोबत होते. पपया विकणारी म्हातारी माझ्या कानाशी लागली. "सिस्टरबाई, खरं सांग. बायांले चारते का वो ही?"

मी हसण्यावारी नेलं. पण त्याच सुमारास दुसरी बोलवा कानावर आली आणि ती हसण्यासारखी नव्हती. आमच्या दवाखान्यात बाळंतपणाला गेलं की कूस बांधून टाकतात, पुन्हा लेकरू राहत नाही, असं लोक बोलत होते. दूर तळ्याकाठी मासे धरणाऱ्या लोकांचं एक गाव आहे. तिथल्या बायका आमच्याकडे यायच्या बंदच झाल्या. घरीच बाळंत होऊ लागल्या. त्यात एक बाई रक्त जाऊन दगावता दगावता वाचली.

मॅडमचा संशय तिथून जो पेटला तो विचारू नका. "हे कोनी तरी पसरवून राह्यलं." आधी त्यांना गावातल्या झाडपाला देणाऱ्यावर डाऊट आला, मग बाजारातल्या सुई टोचणाऱ्या डॉक्टरवर, मग आमच्याच एका अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरवर. एवढंच काय, मी एकदा फोनवर हळू बोलत होते तर दारात येऊन उभ्या. "कोनाशी बोलून राह्यल्या?"

"घरी, मॅडम. भाजी काय करायची विचारत होते."

"मंग हळू काऊन?"

मला असा राग आला! म्हटलं, या बाईखाली काम करण्यापेक्षा चामोर्शीला घरी जाऊन धान रोवलेलं परवडलं. त्या रात्री मी बदलीचा अर्ज लिहून काढला. दिला नाही ती गोष्ट वेगळी.

आता माझी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बाईवर काहीही करायचं तर तिला विचारायचं आणि कागदावर तसं लिहायचं, ही पद्धत. ते लिहायचं काम माझं. मी लिहायचे, 'समंती घेतली'. मॅडम टोचायच्या. "सिस्टर, संमती लिवा. समंती काय? कोन्या बाईचं नाव वाटते." पण बावीस वर्षांची सवय, हात ऐकायचा नाही. अख्ख्या दवाखान्यात समंती लिहिणारी मी एकटी.

तर एका सकाळी तळ्याकाठच्या त्या गावातून एक सासू-सून आल्या. सून पंचविशीच्या आतली, काळीसावळी, पदर घट्ट धरून उभी. सासूच बोलत होती. "हिले एक पोरगी आहे, तीन वर्साची. पुढं काईच नाई. साऱ्या देवाले जाऊन आलो. माह्या पोराले दुसरी पाहून राह्यलो आता. लोकं म्हनतात एक डाव दवाखान्यात दाखवून या, म्हनून आनलं." सुनेसमोरच म्हणाली हे, दुसरी सून बघतोय म्हणून. सुनेनं मान वरसुद्धा केली नाही.

तपासायला साताऱ्याचे डॉक्टर होते. फार मन लावून काम करणारे, हात हलका. मॅडमच्या वहीत त्यांच्या नावापुढे एकच सही राहिली होती. ती झाली की त्यांना मॅडम शेजारी नसतानाही बाई तपासून काम करायची मुभा मिळणार होती. लघवी तपासली, दिवस गेलेले नव्हते. सोनोग्राफीवाले त्या दिवशी यायचे नव्हते. डॉक्टरांनी विचार केला, लांबून आलीय, पिशवीच्या अस्तराचा तुकडा आजच तपासायला घेऊन टाकू. एका फेरीत काम. मॅडमनीच तर शिकवलं होतं.

त्यांनी तिला नीट समजावलं. पुण्याच्या पुस्तकातलं मराठी, पण प्रेमानं. आत एक बारीक नळी जाईल, थोडी कळ येईल, तुकडा नागपूरला जाईल.

"हव," ती म्हणाली.

"दुखलं तर सांगायचं."

"हव."

"मग करायचं ना?"

"हव."

टेबलावर घेतलं. पडद्याला चिमटे लावले. मी कागदावर समंती लिहिली. डॉक्टरांनी हातमोजे चढवले, नळी उचलली, आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या मॅडम म्हणाल्या, "थांबा. मले डाऊट येऊन राह्यला."

"कशाचा मॅडम?" डॉक्टर वैतागले होते, आवाजातच कळलं. "ती तीनदा हो म्हणाली की!"

"ती हो नाई म्हनाली. हव म्हनाली."

मॅडम टेबलाच्या डोक्याकडे गेल्या. खाली वाकल्या. "पोरी, हे डॉक्टर आता काय करनार आहेत? मले सांग. मी नाई आयकलं."

तिनं पदराचं टोक तोंडात धरलेलं. मॅडम थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मी घड्याळाकडे बघितलं, बाहेर वीस बाया खोळंबलेल्या. शेवटी ती बोलली.

"गाठ सोडनार."

"कोनती गाठ?"

"तुमीच बांधली ना."

"मी? कुठी?"

"इथीच. लेकरू झालं तवा. मांगून कायतरी आत टाकलं, मले समजलं होतं. मी घरी सांगितलं. कोनी आयकलं नाई. मंग दाईनं म्हटलं, कूस बांधली."

डॉक्टरांनी नळी ट्रेमध्ये ठेवली. मॅडमनी स्वतः तपासलं. तांबीचा दोरा दिसत नव्हता. एक्स-रेला पाठवलं. ती परत आली तेव्हा मॅडमनी फिल्म खिडकीला धरली, चष्मा कपाळावर चढवला. पोटाच्या मधोमध तांबीचा पांढरा टी स्वच्छ दिसत होता.

गाव खोटं बोलत नव्हतं. कुणी काही पसरवलं नव्हतं. तीन वर्षांची बोलवा ज्या बाईपासून निघाली ती आमच्या टेबलावर होती, आणि तिनं खरं तेच सांगितलं होतं. बाळंतपण झाल्याबरोबर तांबी बसवायची पद्धत तेव्हा आमच्याकडे नुकती सुरू झाली होती.

"सिस्टर," मॅडम म्हणाल्या, "हिचा जुना कागद आना."

आमची रेकॉर्ड रूम म्हणजे जिन्याखालची अंधारी जागा. गठ्ठ्यांवर धूळ, पाली. कागद मला दहा मिनिटांत सापडला. बाळाचं वजन, वेळ, वार पडली ती वेळ. त्याखाली एक ओळ. 'तांबी बसविली. समंती घेतली.' आणि त्याखाली मॅडमची सही.

अक्षर माझं होतं. मी तिथंच गठ्ठ्यावर बसले.

आठवायचा प्रयत्न केला. काहीच आठवलं नाही, आणि हेच जास्त लागलं. त्या दिवशी कितवं बाळंतपण असेल, कोण जाणे. मी हातात ट्रे घेऊन तिच्या उशाशी गेले असेन, म्हटलं असेन, तांबी बसवून टाकू ना गं बाई? ती कळांनी मोडलेली, बाळ रडतंय, कुणीतरी पाय धर म्हणतंय, कुणीतरी लुगडं मागतंय. ती म्हणाली असेल, हव. मी ओरडून सांगितलं असेल, मॅडम, हो म्हणते. मॅडमनी बसवली. मी लिहिलं.

खोटं कशाला सांगू, त्या जिन्याखाली मला वाटलं की हा कागद सापडलाच नाही म्हणून सांगावं. वाळवी लागलेले गठ्ठे किती तरी होते. कुणाला कळलं असतं? कागद घडी करून मी ब्लाऊजमध्ये घातलासुद्धा. मग ती सासू आठवली, सुनेसमोर दुसरी सून बघणारी. कागद नसता तर ती म्हातारी उद्या असंही म्हणाली असती की सुनेनंच दुसरीकडून बसवून घेतली असेल. मी कागद बाहेर काढला, मांडीवर सरळ केला आणि वर आले.

मॅडमनी तो खिडकीपाशी नेला. बराच वेळ उजेडात धरला. मी दाराला टेकून उभी. आता म्हणतील, सिस्टर, हे काय? आता म्हणतील, कोणी घेतली ही समंती?

"सही माही आहे," मॅडम म्हणाल्या. बस्स, तेवढंच.

मग त्यांनी सासूला आत बोलावलं. नवरा बाहेर झाडाखाली होता, त्यालाही बोलावलं. डॉक्टर लोक चूक कशी सांगतात ते मी पाहिलं आहे. असं होतं कधी कधी, गुंतागुंत आहे, तुम्हाला समजणार नाही. मॅडमनी तसलं काही केलं नाही. एक्स-रे दाखवला. "तुमच्या सुनेत काई दोष नाई. ही तांबी मी बसवली. तिले नीट न विचारता बसवली. तिनं घरी खरं सांगितलं होतं. चूक माही आहे. दुसरी सून पाहू नका."

म्हातारी आधी मॅडमकडे बघत राहिली, मग सुनेकडे. "माय वो," एवढंच म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. नवरा चिडला, आवाज चढवला, तक्रार करतो म्हणाला. "करा," मॅडम म्हणाल्या. "मी कागद देतो." आणि खरंच झेरॉक्स काढून दिला. पुढे चौकशी झाली, वरून पत्र आलं, मॅडमनी त्याचं उत्तर लिहिलं. त्या उत्तरातही त्यांनी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही.

पण सुनेनं त्या वेळी जे विचारलं ते मी विसरणार नाही. ती मॅडमकडे नाही, माझ्याकडे बघत होती. कदाचित उगीचच, मी समोर होते म्हणून. "मले इचारलं होतं का वो?"

मॅडम म्हणाल्या, "विचारलं असं लिवलं आहे."

"मंग मी हव म्हटलं असंन," ती म्हणाली. "तवा मी साऱ्यालेच हव म्हनत होती."

तांबी मॅडमनी स्वतः काढली. साताऱ्याचे डॉक्टर पुढे झाले तर त्यांना हातानं अडवलं. "नाई. बांधली मी, सोडतो बी मी." दोरा वर गेलेला, बारीक आकडीनं शोधावं लागलं. पण आधी त्या तिच्या उशाशी जाऊन बसल्या, काय करणार ते सांगितलं, आणि तिनं आपल्या शब्दांत परत सांगेपर्यंत उठल्या नाहीत. मी तिचा हात धरला होता. तिनं माझा इतका जोरात दाबला की बांगडी वाकली.

त्या संध्याकाळी साताऱ्याचे डॉक्टर पडलेल्या चेहऱ्यानं बसले होते. मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्याकडं कोनी गोष्ट सांगते तवा ऐकनारा हव, हव करत राह्यते. नाई केलं तर सांगनारा थांबते, झोपला का म्हनते. ते हव म्हनजे ऐकून राह्यलो, तू बोल. तेवढंच. दुसरं हव येगळं आहे. ते उशिरा येते. तुमी थांबले तरच ऐकू येते." मग जरा वेळानं म्हणाल्या, "मी मूलची आहो. मले तर समजाले पाह्यजे होतं."

तिथून खोलीत नवा नियम आला. बाईनं हव म्हटलं की डॉक्टरनं हात मागे घ्यायचा आणि विचारायचं, काय करणार ते तू सांग. तिनं सांगितल्यावरच काम. मॅडम दारात उभ्या राहून फक्त ऐकायच्या आणि मान न वळवता विचारायच्या, "कोनतं हव?" शिकाऊ डॉक्टरांची या प्रश्नानं झोप उडाली. साताऱ्याच्या डॉक्टरांना ती राहिलेली सही मिळाली ते जायच्या आदल्या दिवशी. तांबी बसवायला टेबलावर घेतलेल्या एका बाईला त्यांनी आपणहून खाली उतरवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे पहिल्या जातीचं हव वाटतंय, नुसतं ऐकण्याचं." मॅडमनी बोटाला थुंकी लावून वहीचं पान उलटलं, सही केली आणि वर म्हणाल्या, "मराठी सुधरलं तुमचं."

वर्ष-दीड वर्षानं ती तळ्याकाठची सून बाळंतपणाला आली. सासू घेऊन आली, आणि सोबत त्या गावच्या आणखी दोन पोटुश्या. म्हातारीनं बाजारात सगळ्यांना सांगितलं होतं म्हणे, की बाई चूक कबूल करते, तिथं जाऊ शकता. मुलगा झाला. सगळं आवरल्यावर मॅडम तिच्याजवळ बसल्या. "तांबी बसवू का?"

"नाई," ती म्हणाली. पटकन, ठणठणीत.

मॅडमचा चेहरा असा खुलला की काय सांगू! पेशंट नाही म्हणतोय आणि डॉक्टरला आनंद झालाय, हे मी पहिल्यांदाच बघत होते. दिवसभर ज्याला त्याला सांगत होत्या, "ती नाई म्हनाली ना. चांगली ठासून नाई म्हनाली."

आणि मी? मी वाट बघत होते. जगातल्या प्रत्येक चिमट्यावर डाऊट घेणाऱ्या बाईला माझं अक्षर ओळखू आलं नसेल, हे शक्य होतं का? समंतीवरून किती वेळा टोचलेलं! तरी त्या बोलत नव्हत्या. सकाळी सिस्टर म्हणून हाक आली की वाटायचं, आता विचारतील. नाही. चिमटा निघाला का धुतला, एवढंच. कधी वाटायचं, विसरल्या. कधी वाटायचं, मनात धरून आहेत, एक दिवस चारचौघांत काढतील. आपण होऊन सांगावं असं शंभरदा आलं मनात, तोंड उघडलं नाही. एकच फरक पडला. माझं अक्षर सुधारलं. संमती. अनुस्वार पहिल्यावर, ठसठशीत.

मॅडम रिटायर होऊन आता दोन पावसाळे झाले. मूलला राहतात. फोन लावला तर उचलत नाहीत. माझाच नंबर असला तरी बोलणारी मीच कशावरून, असा त्यांना डाऊट येत असणार. त्यांच्या खिडकीपाशी आता मी उभी असते. नव्या मॅडम चांगल्या आहेत, तरुण आहेत, चिमट्यांवर विश्वास ठेवतात. मग कुणीतरी बघायला नको का?

त्यांच्या शेवटच्या दिवशी हार झाले, भाषणं झाली, फोटो झाले. फोटोवाल्यालाही त्यांनी विचारलं, खरंच निघाला का. मग सगळे चहाला गेले आणि त्या बारक्या खोलीत शेवटचं आल्या. मी ट्रे लावत होते. त्यांनी एक चिमटा उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला. काही विचारलं नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, तो कागद... त्या तळ्यावरच्या बाईचा..."

"अक्षर तुमचं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्याबिगर समंती कोन लिवते?"

"मग तुम्ही इतके दिवस..."

"तुमी हव आयकलं, मी बी आयकलं. मी डॉक्टर होतो ना तिची. त्याच्यात डाऊट नव्हता मले." चष्मा कपाळावरून खाली आणला, माझ्याकडे सरळ बघितलं. असं त्या सहसा बघायच्या नाहीत. "डाऊट एकच होता. तुमाले जिन्याखाली पाठवलं तवा. कागद आनता का नाई आनता."

माझे डोळे भरून आले. ब्लाऊजमध्ये घातला होता मॅडम, हेही सांगणार होते, सांगता आलं नाही.

"आनला तुमी," त्या म्हणाल्या. पिशवी उचलली, चपला घातल्या. दारात जाऊन थांबल्या. "सिस्टर, खोलीवर लक्ष ठेवान ना?"

मी लगेच बोलले नाही. हातातला ट्रे खाली ठेवला, डोळे पुसले.

"हव," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. कोणतं ते त्यांनी विचारलं नाही.